नागपूरहून एका आठवड्यात काशी आणि कोलकाता : रेल्वेची तिकोनी फेरी कशी आखावी

दिल्ली–चेन्नई आणि हावडा–मुंबई हे दोन्ही मार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे देशात कुठेही जायचे म्हटले तरी गाडीत बसले की झाले, असे आपल्याला वाटत असते. एका ठिकाणापुरते ते खरेही आहे. परंतु सुट्टी जेमतेम आठवड्याची आणि पाहायची ठिकाणे दोन असली, की हाच मध्यवर्तीपणा अंगाशी येतो. कारण दिल्ली उत्तरेला सुमारे १,१०० किलोमीटर, चेन्नई दक्षिणेला जवळजवळ तितकेच, आणि दोन्ही एकाच सुट्टीत साधायला निघालेला माणूस मधल्या दिवशी पुन्हा नागपुरातच येऊन पडतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने अशा प्रवासात मध्येच घरी येऊन आंघोळी केल्या, बॅगेतले कपडे बदलले आणि संध्याकाळी पुन्हा स्टेशन गाठले. त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही, पण त्यांच्या सुट्टीतल्या चार रात्री गाडीत गेल्या.

म्हणून ठिकाणे निवडताना नागपूरपासूनचे अंतर पाहण्याआधी त्या दोन ठिकाणांना एकमेकांशी जोडणारी एका रात्रीची गाडी आहे की नाही, हे पाहावे. ती असेल तर प्रवासाचा त्रिकोण होतो आणि कोणतीही वाट दुसऱ्यांदा तुडवावी लागत नाही. या लेखात उदाहरणादाखल काशी आणि कोलकाता घेतले आहेत. वाराणसी–हावडा हे अंतर साधारण ७०० किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे जेवून झोपावे आणि सकाळी उतरावे इतके. शिवाय नागपूरकरांना या जोडीत एक जुना धागा सापडतो. काशीचा भोसले घाट नागपूरच्या भोसल्यांनी बांधलेला आहे, तर कोलकात्यात १७४२ मध्ये इंग्रजांनी खणायला घेतलेला ‘मराठा डिच’ हा खंदक रघूजी भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने खणला होता. एकीकडे घाट आणि दुसरीकडे खंदक, दोन्ही एकाच घराण्यामुळे.

त्रिकोण ठरला की तो कोणत्या दिशेने फिरायचा, हे ठरवावे लागते आणि बहुतेकांची चूक इथेच होते. नागपूरहून थेट वाराणसीला जाणाऱ्या गाड्या रोज मिळत नाहीत. रोजची सोय हवी असेल तर इटारसी–जबलपूरमार्गे दानापूरला जाणाऱ्या संघमित्रा एक्सप्रेसने पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनला, म्हणजे जुन्या मुगलसरायला, उतरावे आणि तिथून सुमारे १७ किलोमीटर रस्त्याने काशी गाठावी. याउलट हावड्याहून नागपूरकडे गीतांजली, मुंबई मेल, आझाद हिंद अशा रोजच्या गाड्या आहेत. तेव्हा अवघड बाजू आधी संपवावी आणि जिथे एक गाडी हुकली तरी दुसरीची आशा असते, ती बाजू परतीसाठी राखून ठेवावी. आम्ही एकदा डिसेंबरच्या अखेरीस उलटी फेरी केली होती, आधी कोलकाता आणि मग काशी. शेवटच्या दिवशी गंगेच्या मैदानातल्या धुक्यामुळे परतीची गाडी इतकी रखडली, की फलाटावर चादर अंथरून बसलेल्या आमच्या घोळक्यात घरून आणलेल्या तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा शेवटचा तुकडा कोणी खायचा, यावर मुलांची भांडणे जुंपली आणि माझी सोमवारची रजा वाढली. धुके पहिल्या टप्प्यात आडवे आले, तर काशीतला अर्धा दिवस जातो. शेवटच्या टप्प्यात आले, तर नोकरीवरची हजेरी जाते.

यानंतर एका वहीचे पान आडवे धरून त्यावर दिवसांऐवजी रात्रींचे रकाने आखावेत. शनिवारी नागपूर सोडले, की ती रात्र गाडीत जाते. रविवारची रात्र काशीत मुक्काम, सोमवारची रात्र हावड्याच्या गाडीत, मंगळवार आणि बुधवारच्या रात्री कोलकात्यात, गुरुवारची रात्र परतीच्या गाडीत, आणि शुक्रवारी नागपूर. एकूण सहा रात्रींपैकी तीन गाडीत आणि तीन पलंगावर, हे प्रमाण चांगले. सलग दोन रात्री गाडीत काढण्याची वेळ घरातल्या ज्येष्ठांवर तरी आणू नये. शुक्रवारी परतल्यामुळे शनिवार–रविवार हाताशी राहतो आणि गाडीला झालेला उशीर त्यात मुरून जातो. वार असे निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. कोलकात्यातील व्हिक्टोरिया मेमोरियल आणि भारतीय संग्रहालय सोमवारी बंद असतात, तर सारनाथचे संग्रहालय शुक्रवारी. वरच्या आखणीत यांपैकी कोणतीही सुट्टी आड येत नाही.

आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता खुले होते. मात्र हे ६० दिवस गाडी जिथून सुटते, त्या स्थानकावरच्या तारखेपासून मोजले जातात. बंगळूरुहून शुक्रवारी निघालेली संघमित्रा नागपुरात शनिवारी येते, त्यामुळे आपल्या शनिवारच्या प्रवासाचे आरक्षण आपण मोजलेल्या तारखेच्या एक दिवस आधीच उघडते. हे लक्षात न आल्याने पुष्कळ जण दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मोठ्या तयारीने बसतात आणि थेट प्रतीक्षायादीत जातात. तत्काळचा हिशेबही असाच सुटण्याच्या स्थानकावरून चालतो.

तिन्ही तिकिटे एकाच दिवशी निघणार नाहीत, म्हणून मधल्या टप्प्याची चौकशी सर्वांत आधी करावी. वाराणसीहून हावड्याकडे जाणारी विभूती एक्सप्रेस, आणि तिच्यात जागा नसल्यास दीनदयाळ उपाध्याय जंक्शनवरून मिळणाऱ्या हावड्याच्या इतर गाड्या, अशी दोन-तीन नावे हाताशी असल्याशिवाय पहिले तिकीट काढू नये. मधला सांधा निखळला, तर दोन्ही बाजूंची तिकिटे पैसे कापून घेऊन रद्द करावी लागतात. प्रतीक्षायादीत जावे लागलेच, तर यादीचा प्रकार पाहावा. ‘जीएनडब्ल्यूएल’ म्हणजे सर्वसाधारण यादी लवकर पुढे सरकते. मधल्या स्थानकांच्या कोट्यावरची ‘आरएलडब्ल्यूएल’ यादी मात्र तशी सरकत नाही, आणि नागपूर बहुतेक गाड्यांच्या वाटेवरचे स्थानक असल्याने हा प्रकार आपल्या वाट्याला वारंवार येतो.

जिथून निघालो तिथेच परत येणाऱ्या प्रवासासाठी रेल्वे चक्रीय प्रवासाचे एकच तिकीट देते, हे अनेकांना माहीत नसते. अंतर वाढत जाते तसा दर किलोमीटरचा दर उतरत जातो, म्हणून तीन सुट्या तिकिटांपेक्षा ते स्वस्त पडू शकते. तरीही त्यासाठी आधी मार्ग मंजूर करून घ्यावा लागतो आणि प्रत्येक गाडीतले आरक्षण वेगळे करावे लागते. सहा-सात ठिकाणांची यात्रा असेल तर ही यातायात जरूर करावी, दोन ठिकाणांसाठी मला ती पटत नाही.

कोलकात्याच्या बाजूला स्थानकांची नावे नीट वाचावीत. नागपूरकडच्या काही गाड्या हावड्याहून सुटतात, काही शालिमारहून, तर काही सांतरागाछीहून, आणि टॅक्सीत बसल्यावर हा फरक कळून उपयोग नसतो. हावड्याला उतरल्यावर हुगळी नदीच्या काठावरूनच पलीकडे कोलकात्यातल्या बाबूघाटाकडे जाणारी लाँच मिळते. नदीखालून जाणारी मेट्रोही मार्च २०२४ पासून सुरू झाली आहे, पण सामान कमी असेल तर पहिल्या सकाळी लाँचच घ्यावी. शेवटच्या दिवशी सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवायचे असल्यास प्रत्येक बॅगेला कुलूप लागते, म्हणून दोन छोटी कुलपे नागपुरातूनच बरोबर न्यावीत. हिवाळा असेल तर नोलेन गुडाचा, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचा, संदेश ही मिठाई मात्र गाडीच्या दिवशीच, निघण्यापूर्वी थोडी आधी घ्यावी, कारण ती फार टिकत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी रसगुल्ल्याचा सीलबंद डबा बरा.