फायटरसाठी फिल्टर : मासा आणण्याआधीची तयारी

फायटर, म्हणजे बेटा, छोट्या बरणीतही जगतो असं दुकानात सांगतात, आणि त्यात थोडं तथ्य आहे. थायलंडकडच्या भातखाचरांत, उथळ संथ पाण्यात वाढणारा हा मासा वर येऊन थेट हवा घेतो. त्यामुळे तो सहसा गुदमरत नाही. त्याला मारतो तो त्याच्याच उत्सर्जनातून आणि कुजणाऱ्या खाद्यातून साचणारा अमोनिया. म्हणजे फिल्टर घ्यायचा तो अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना घर म्हणून. पाणी घुसळणं हे त्याचं काम नाही, उलट तोच त्याचा धोका.

आधी टेप घेऊन टाकी मोजा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागा. 45 बाय 25 ची टाकी 26 सेंटिमीटर भरली तर साधारण 29 लिटर होतात. एका फायटरला ही ऐसपैस जागा झाली. हा आकडा लिहूनच दुकानात जा, कारण खोक्यावर ‘300 लिटर प्रतितास’ असं लिहिलेला छोटा पॉवर फिल्टर या टाकीतलं पाणी तासाला दहादा फिरवेल. गप्पीला ते चालून जाईल. हाफमूनसारखा लांब पंखांचा नर मात्र दिवसभर प्रवाहाशी झगडून थकतो, कोपऱ्यात दडतो, आणि त्याचे पंख फाटू लागतात. आखूड पंखांचा प्लाकाट जरा तगडा असतो, पण त्यालाही शांत कोपरा लागतोच.

माझं मत स्पष्ट आहे: एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर घ्या. त्यात पंख ओढले जातील अशी फट नसते, जिवाणूंना भरपूर जागा मिळते आणि किंमतही बेताची. टाकीच्या काठावर टांगायचा हँग-ऑन फिल्टर आवडलाच असेल तर पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर स्पंजची टोपी हवी, पडणाऱ्या धारेखाली स्पंजचा तुकडा हवा, आणि त्याच्यासाठी झाकणात पडलेली फट बुजवायला हवी, कारण फायटर उडी मारतो. (बुडबुड्यांवर उघडझाप करणाऱ्या शिंपल्याला दुकानदार फिल्टर म्हणाला, तर हसून पुढे जा.)

स्पंज फिल्टरसोबत तीन किरकोळ वस्तू विसरू नका: एअर पाइप, हवा कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह, आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. तिसरा सगळ्यांत स्वस्त, आणि तोच राहून जातो. पंप टाकीच्या खाली ठेवलेला असला आणि वीज गेली, की पाणी पाइपातून उलट उतरून पंपात, फळीवर आणि प्लगपर्यंत पोचू शकतं. व्हॉल्व्ह बसवण्याआधी फुंकून पाहा: हवा फक्त टाकीच्या दिशेने जायला हवी. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवता आला तर फारच छान. प्रत्येक वायर सॉकेटपर्यंत नेताना खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेला थेंब तिथेच गळून पडेल.

आता सगळ्यांत कंटाळवाणा भाग. जिवाणू बाटलीतून एका रात्रीत येत नाहीत. फिल्टर चालू करून, चिमूटभर खाद्य टाकून, चार ते सहा आठवडे मासा न आणता थांबावं लागतं. जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, तेही घातकच, आणि मग त्याचं बरंच सौम्य नायट्रेट. पाणी तपासायच्या टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसून नायट्रेट दिसू लागलं, की टाकी तयार. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टाकीतला मुरलेला स्पंज मिळाला तर हा काळ बराच घटतो. तो ओला ठेवूनच आणा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन या जिवाणूंना मारतं, म्हणून भरतानाच अँटी-क्लोरीन घाला, आणि पुढे स्पंज धुताना टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच हलका पिळा. नळाखाली कधीच नाही. मिथिलीन ब्लू या माशांच्या निळ्या औषधानेही जिवाणू मरतात, त्यामुळे औषधोपचारासाठी एक वेगळा डबा आत्ताच बाजूला काढा. पुण्या-नाशिकच्या थंडीसाठी हीटरही लागेल, पाणी 24 ते 28 अंशांत राहिलं पाहिजे. तो फिल्टरजवळ बसवा, म्हणजे ऊब पसरते.

मासा आणण्याच्या आदल्या दिवशी खाद्याचा एक दाणा पाण्यावर सोडा. तो टाकीभर गरगर फिरला तर हवा कमी करा. निदान अर्ध्या भागात तो जवळजवळ स्थिर राहायला हवा. नर पृष्ठभागावर फेसाचं घरटं बांधतो, तेही अशाच शांत पाण्यात टिकतं. जुन्या पातळ नायलॉन मोज्याने फिल्टरच्या कडा पुसून पाहा. मोजा अडकला तर पंखही अडकेल, तेवढी कड बारीक पॉलिशपेपरने घासून घ्या. पाणी आणि झाकण यांत चार-पाच सेंटिमीटर हवा ठेवा, आणि दुकानातून निघण्याआधी त्याच मापाचा एक जादा स्पंज पिशवीत टाका.