लॅपटॉप घ्यायचाय? आधी दात बघा, मग जात विचारा

बैलबाजारात कुणी नुसती जात विचारून दावं हातात घेत नाही. जबडा उघडून दात बघतो, चार पावलं चालवून बघतो. बारावीच्या निकालानंतर लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या कॉम्प्युटर दुकानांत मात्र "आय-फाइव्ह आहे का?" एवढ्या एका प्रश्नावर पन्नास-साठ हजारांचा व्यवहार होऊन जातो. आय-फाइव्ह हे इंटेल कंपनीच्या एका प्रोसेसरचं, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूचं नाव. ही जात झाली. तो किती जुना, आणि मुळात आपल्या कामाला एवढी ताकद लागते का, हे राहूनच जातं.

बहुतेकांना लागत नाही. रोजच्या कामात लॅपटॉप रखडतो तो बहुधा रॅम, म्हणजे चालू काम मांडायची जागा, अपुरी पडते म्हणून, नाहीतर आत जुनी हार्ड डिस्क आहे म्हणून. प्रोसेसरचा नंबर त्यानंतर येतो. यात अंदाजाचं काम नाही, मोजून बघता येतं आणि मोजायला पैसे पडत नाहीत.

पायरी १: हातातल्या मशीनवर मोजा

स्वतःचा लॅपटॉप नसेल तर मित्राचा किंवा कॉलेजच्या लॅबमधला चालेल. मोजायचं ते सगळ्यात जास्त गर्दीच्या दिवशी: आडत दुकानात सोयाबीनची आवक जोरात असताना, सेतू केंद्रात प्रवेशाच्या दाखल्यांची रांग लागलेली असताना.

मशीन चालू केल्यावर दहा मिनिटं थांबा. या वेळात विंडोजचे अपडेट आणि अँटिव्हायरस मागे धावत असतात, त्यामुळे आकडे फुगलेले दिसतात. मग नेहमी उघडता ते सगळं उघडा: ब्राउझरचे दहा-बारा टॅब, एक्सेल, टॅली, व्हॉट्सॲप. आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' निवडा, पंधरा मिनिटं नेहमीसारखं काम करा आणि मधूनमधून तिकडे नजर टाका.

सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, आकडा एरवी ५ ते २० टक्के असतो. एखादा प्रोग्रॅम उघडताना दोन-चार सेकंद १०० वर गेला तर त्यात काही वावगं नाही. तुमच्याच कामाने तो मिनिटंच्या मिनिटं ८० च्या वर राहिला, तरच प्रोसेसर कमी पडतोय असं म्हणा. मेमरी सतत ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रॅम अपुरी आहे. विंडोज ११ स्वतःच ३ ते ४ जीबी खातं. त्यामुळे ४ जीबीच्या मशीनमध्ये तुमच्या कामाला जागाच उरत नाही, आणि विंडोज उरलेलं सामान डिस्कवर नेऊन ठेवायला लागतं.

ती डिस्क जुन्या पद्धतीची असेल तर खरी रखडपट्टी सुरू होते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, पण वेग सेकंदाला जेमतेम १-२ एमबी, असं दिसलं की ओळखा. लॅपटॉपच्या साध्या हार्ड डिस्कमधली चकती मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद जातात. सुई जागेवर सरकायला त्याहून जास्त. अशा चकतीकडून सेकंदाला शंभराच्या आतच छोटी वाचनं होतात. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसल्यामुळे ती हजारोंच्या हिशेबात वाचते. हार्ड डिस्कच्या मशीनमध्ये आय-सेव्हन असला तरी तो बिचारा नुसता वाट बघत बसतो.

चौथी शक्यता लोक विसरतात. सीपीयू, मेमरी, डिस्क सगळे आकडे खाली आहेत आणि पानावर चक्र फिरतंय, तर दोष मोबाइलच्या हॉटस्पॉटचा किंवा समोरच्या सर्व्हरचा. दाखल्यांच्या शेवटच्या तारखेला पोर्टल उघडत नाही, त्यावर लाखाच्या लॅपटॉपचाही इलाज नाही.

पायरी २: काम कोणतं ते ठरवा

फॉर्म भरणं, व्हिडिओ लेक्चर, वर्ड, मेल, ऑनलाइन बँक एवढंच काम असेल तर इंटेल एन-१०० सारखा चार कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा गडी) छोटा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी पुरते. नीटची तयारी करणाऱ्या मुलाला याहून जास्त काही लागत नाही. जीसीसी-टीबीसी या सरकारी टायपिंग परीक्षेच्या सरावाला तर जुनं मशीनही चालतं. तिथे उरलेले पैसे चांगल्या कीबोर्डवर घालावेत.

आडत दुकान, टॅली, जीएसटीची विवरणपत्रं यांना अलीकडचा आय-थ्री आणि ८ जीबी रॅम चालते. एक्सेलमध्ये पन्नास हजार ओळी आणि प्रत्येक ओळीत दुसऱ्या शीटमधून भाव शोधणारं सूत्र असेल, तर १६ जीबी घ्या. सेतू केंद्राचं गणित वेगळं आहे. तिथे प्रोसेसर साधा चालतो, पण पंचवीस-तीस टॅब उघडे असतात म्हणून १६ जीबी रॅम हवी. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं यंत्र आणि माउस जोडायचा, तर यूएसबीची भोकं मोजून घ्या. दोनच असतील तर जास्तीची भोकं देणारा, वेगळी वीजजोडणी असलेला हब लागतो, नाहीतर अंगठ्याचं यंत्र मधेच सुटतं.

इंजिनिअरिंगच्या मुलांना सी, जावा, पायथन शिकायला आय-थ्री किंवा आय-फाइव्ह, काहीही चालतं. मोबाइल ॲप बनवायच्या अँड्रॉइड स्टुडिओत एम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा नकली फोन, चालवायचा असेल तर ८ जीबीत दम निघतो, १६ हवेतच. ऑटोकॅडचे सपाट नकाशे वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय निघतात. त्रिमितीचं भारी काम किंवा लग्नाचं ४-के चित्रीकरण एडिट करायचं असेल, तर मात्र खरंच मोठं मशीन लागतं: नावाच्या शेवटी एच अक्षर असलेला प्रोसेसर, १६ ते ३२ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड. या लोकांनी पैसा वाचवू नये.

आणि मग फ्लेक्सवाले. नेत्याच्या वाढदिवसाचं १० बाय २० फुटांचं फ्लेक्स बनवताना मशीन हँग होतं, अशी ओरड गावोगावच्या डीटीपी केंद्रांत असते. जरा हिशेब करू. १० बाय २० फूट म्हणजे १२० बाय २४० इंच. इंचाला ७२ ठिपके धरले तर ८,६४० गुणिले १७,२८०, म्हणजे जवळपास १५ कोटी ठिपके. छपाईच्या चार रंगांचे ठिपक्याला ४ बाइट धरले, तर फाइलचा एक थर सुमारे ६०० एमबी. आता कुणी सवयीने पुस्तकासारखं ३०० लावलं, तर तोच थर १० जीबीच्या वर जातो, शिवाय फोटोशॉपच्या साध्या पीएसडी फाइलची ३०,००० ठिपक्यांची मर्यादाही ओलांडतो. त्यावर कार्यकर्त्यांचे पन्नास फोटो वेगवेगळ्या थरांत! फ्लेक्स रस्त्यावरून, पंचवीस-तीस फुटांवरून बघतात, त्याला ७२ पुष्कळ झाले. नवीन लॅपटॉपच्या आधी हा एक आकडा बदला.

एक शब्द 'एआय लॅपटॉप'च्या स्टिकरबद्दल. चॅटजीपीटीसारख्या सेवा दूरच्या सर्व्हरवर चालतात, तुमच्याकडे फक्त ब्राउझर लागतो. त्या स्टिकरसाठी दहा हजार जास्त देऊ नका.

पायरी ३: दात बघा

नावातला पूर्ण आकडा वाचायचा. आय-५-१२३५यू यात १२ ही पिढी, आणि शेवटचं यू म्हणजे कमी वीज खाणारा, रोजच्या वापराचा. एच म्हणजे जास्त ताकद, जास्त उष्णता, बॅटरी लवकर उतरणार. सातव्या पिढीच्या आय-५-७२००यू मध्ये दोनच कोर आहेत. बाराव्या पिढीच्या आय-३-१२१५यू मध्ये सहा. म्हणजे नवा आय-थ्री जुन्या आय-फाइव्हला सहज मागे टाकतो, आणि दुकानात मात्र जुन्यालाच मान.

सेकंड हँडमध्ये सहाव्या-सातव्या पिढीचे ऑफिसातून निघालेले लॅपटॉप खूप येतात. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदार जुन्या मशीनवर 'विंडोज ११ मारून देतो' म्हणेल, ते चालेलही. पण मायक्रोसॉफ्टच्या दृष्टीने ते मशीन बसत नाही, त्यामुळे पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही. ज्यावरून बँकेचे व्यवहार करायचे ते मशीन असं नको.

इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्या रायझन प्रोसेसरांच्या ७००० च्या मालिकेत तिसरा आकडा बघा, खरी पिढी तिथे लपलेली असते. रायझन ५ ७५२०यू मधला २ म्हणजे जुनी झेन-२ रचना, चार कोर. ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन-३, सहा कोर. नावात फरक एका आकड्याचा, कामात बराच. सेलेरॉन एन-४०२० सारखे दोन कोरचे, ६४ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली स्वस्त चिप) साठवणीचे स्वस्त लॅपटॉप अजून विकले जातात. ते घेऊ नयेत. दोन मोठ्या अपडेटमध्ये जागा भरते आणि वाढवायची सोय बहुधा नसते.

पायरी ४: रॅम आणि एसएसडी

टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर खाली 'स्लॉट्स यूज्ड' आणि 'फॉर्म फॅक्टर' लिहिलेलं असतं. 'एसओडिम' दिसलं तर रॅम काढता-घालता येते. 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर ती बोर्डावर डाग देऊन बसवलेली आहे, पुढे वाढवायला वेगळा स्लॉट आहे का ते विचारा. नसेल तर पहिल्या दिवशीच १६ जीबीचा घ्या. दोन स्लॉट असतील तर ८ ची एक पट्टी असलेला घेऊन नंतर दुसरी टाकता येते. दोन पट्ट्यांनी रॅमचा मार्ग रुंद होतो, आणि वेगळं कार्ड नसलेल्या मशीनमध्ये ग्राफिक्सलाही त्याचा फायदा मिळतो.

जुन्या लॅपटॉपमध्ये रॅम घालताना डीडीआर-३, ४ आणि ५ या रॅमच्या पिढ्या एकमेकांच्या जागी बसत नाहीत. डीडीआर-३ मध्येही बऱ्याच लॅपटॉपना १.३५ व्होल्टची 'एल' पट्टी लागते, १.५ ची घातली तर मशीन चालूच होत नाही.

एसएसडी टाकायचा क्रम असा. आधी फोटो आणि टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर घ्या, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवा. ही की नसल्याने डेटा कायमचा अडकतो. मग लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, झाकण उघडून बॅटरीची पिन सोडवा, तेव्हाच डिस्कला हात लावा. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी बसते. लांबट एम-टू कार्ड घेणार असाल तर तुमचा स्लॉट साटा या जुन्या जोडणीचा आहे की एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीचा, ते आधी बघा. बसतं पण ओळखलं जात नाही, ही नेहमीची फसगत.

साटा एसएसडी सेकंदाला ५५० एमबीपर्यंत वाचते, एनव्हीएमई तीन हजारांच्या पुढे. फॉर्म आणि टॅलीच्या कामात हा फरक हाताला फारसा जाणवत नाही. हार्ड डिस्क काढून यांतली कोणतीही घातली की जाणवतो तो फरक मोठा.

पायरी ५: उन्हाळा धरून हिशेब करा

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोहोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे डिसेंबरात पळणारा लॅपटॉप मेमध्ये दुपारी रांगतो. टास्क मॅनेजरच्या सीपीयू पानावर 'बेस स्पीड' दिलेला असतो. भरपूर काम चालू असताना चालू वेग त्याच्याही खाली जात असेल, तर उष्णता हे कारण धरा.

आधी गोधडीवरून किंवा गादीवरून लॅपटॉप उचलून टेबलावर ठेवा, खालची जाळी मोकळी हवी. पंख्यातली धूळ वर्षातून एकदा काढून घ्या, कापसाच्या जिनिंगजवळ किंवा हळदीच्या मोंढ्यात असाल तर दोनदा. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, ओली हवा आणि तुषार आत जातात. कमी वॅटचा बदली चार्जर लावल्यावरही कित्येक लॅपटॉप मुद्दाम हळू चालतात. ६५ वॅटच्या मशीनला ४५ चा लावलाय का ते चार्जरच्या पोटावर वाचा.

दुकानात, पैसे द्यायच्या आधी

खोका समोर फोडायला लावा. चालू केल्यावर टास्क मॅनेजरची तीच तीन बटणं दाबा. प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम, रिकामे स्लॉट, आणि डिस्कपुढे एसएसडी लिहिलंय ना, एवढं वाचायला दोन मिनिटं लागतात. बोलीतलं आणि पडद्यावरचं जुळत नसेल तर खोका परत करा. जुळलं तर तळाचा सिरियल नंबर जीएसटीच्या पावतीवर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी तोच विचारतात.