खालच्या जबड्याला भूल देण्याआधी हाड कसे पाहावे

खालच्या दाढेची भूल लागली नाही की नवशिके दंतवैद्य बहुधा त्याच जागी, त्याच उंचीवर दुसरे इंजेक्शन देतात. माझ्या मते दुसऱ्यांदा सुई उचलण्याआधी त्या माणसाचा जबडा नीट पाहायला हवा, कारण पुस्तकातली आकृती सरासरी हाडाची असते.

सुरुवात बोटांनी करावी. रुग्णाला तोंड पूर्ण उघडायला सांगून अंगठा रेमसच्या, म्हणजे दाढांमागे वर कानाकडे जाणाऱ्या जबड्याच्या उभ्या भागाच्या, पुढच्या कडेवरून वर न्यावा, जिथे खोलगट भाग लागेल तिथे थांबवावा, आणि बाहेरून तर्जनी मागच्या कडेवर टेकवावी. या दोन बोटांमधले अंतर म्हणजे साधारणपणे रेमसची रुंदी. दाढांची नस ज्या छिद्रातून हाडात शिरते, ते मँडिब्युलर फोरामेन बहुधा त्या रुंदीच्या मध्याच्या किंचित मागे असते. प्रौढात सुई सुमारे 20 ते 25 मिलिमीटर आत गेल्यावर हाडाला टेकते. फार लवकर टेकली, तर टोक पुढे राहिले आहे असे समजावे. टेकलीच नाही, तर ते मागे पॅरोटिड ग्रंथीकडे (कानापुढची लाळग्रंथी, जिच्यातून चेहरा हलवणारी नस जाते) गेले असण्याची शक्यता धरून औषध सोडू नये, नाहीतर चेहऱ्याची एक बाजू काही तास लुळी पडू शकते.

वयाचाही विचार करावा. लहान मुलांत हे छिद्र दातांच्या चावण्याच्या पातळीला किंवा तिच्या खाली असते आणि वाढीबरोबर वर सरकते. म्हणून मुलांत सुई प्रौढांपेक्षा खालीच धरावी.

इतके करूनही दाढ दुखत राहिली, तर ओपीजी (संपूर्ण जबड्याचा एक्स-रे) समोर धरून नसेची नळी मागून पुढे रेषेरेषेने पाहावी. एकाऐवजी दोन समांतर नळ्या दिसल्या, तर नस दुभागलेली असू शकते, आणि अशा वेळी नसेला फाटे फुटण्याआधीच तिला गाठणारी, 1973 साली गो-गेट्स यांनी मांडलेली उंचावरची पद्धत उपयोगी पडते. ओपीजी ही सपाट सावली असल्यामुळे बारीक फाटे तिच्यात निसटतात. इम्प्लांट (हाडात रोवायचा कृत्रिम दात) बसवायचे असेल, तर सीबीसीटीच (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) करावा. त्यात जिभेकडची बाजू जरूर पाहावी, कारण दाढांखाली तिथे हाड आत दबलेले असते, आणि ड्रिल त्यातून पार गेल्यास जिभेखाली होणारा रक्तस्राव श्वासमार्ग बंद करण्याइतका वाढू शकतो.

मेंटल फोरामेन, म्हणजे ओठ-हनुवटीकडे जाणारी नस ज्या छिद्रातून हाडाबाहेर पडते ते, बहुधा दुसऱ्या उपदाढेखाली किंवा दोन उपदाढांच्या मधे सापडते. परंतु दात पडून वर्षे लोटली की त्याच्या वरचे हाड झिजते आणि ते छिद्र थेट कवळीच्या बैठकीखाली येते. चावताना ओठात वीज चमकल्यासारखी कळ येते असे कवळीधारक सांगत असेल, तर त्या जागी बोटाने हलकेच दाबून पाहावे. तीच कळ उमटली, तर कवळी आतून तेवढीच कोरून मोकळी करावी.

सुई किती उंचीवर दिली आणि हाड किती खोलीवर लागले, हे केसपेपरवर उजवी आणि डावी बाजू वेगवेगळी लिहून नोंदवावे. दोन्ही बाजू सारख्या असतीलच असे नाही.