कारागीर परदेशी गेले, इथल्या रोजीचं काय झालं? मोजायची रीत

तालुक्यातले किती वेल्डर आणि किती नर्स परदेशी गेल्या, हा आकडा काढणं सोपं आहे. पण नुसत्या त्या आकड्यावरून इथल्या रोजीबद्दल काहीच कळत नाही. सहा वेल्डर गेले आणि वर्षभरात सहा नवे उभे राहिले, तर बाजाराला पत्ताही लागत नाही. उलट जळालेली पाण्याची मोटार दुरुस्त करणारा एकच वाइंडिंगवाला गेला आणि त्याच्या हाताखालचं पोरगं अर्धवट शिकलेलं राहिलं, तर वीस गावांचं ओलीत अडतं. म्हणून गेलेल्यांपेक्षा, त्यांची जागा कोणी, किती दिवसांनी आणि किती रोजीवर भरली हे मोजायचं. ग्रामपंचायतीचे सदस्य, आयटीआयचे निदेशक किंवा महाविद्यालयातला अभ्यासगट यांना चार माणसांत, मोटारींच्या दोन हंगामांतल्या नोंदी सोडल्या तर, दीड-दोन महिन्यांत जमेल अशी ही पद्धत आहे.

घेर आणि कौशल्य

एकच गाव घेऊ नका. कारागीर गावाचा नसतो, आठवडी बाजाराचा असतो. बाजाराच्या गावाभोवतीची पंधरा-वीस गावं धरा. जिथून शेतकरी जळालेली मोटार गाडीवर टाकून त्या बाजारात आणतो, तिथवर तुमचा घेर.

कौशल्यं तीन-चारच निवडा, आणि ती त्या भागातल्या कामावरून ठरवा. विदर्भात, वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात वाइंडिंगवाला आणि वायरमन हवा. कोरपना, गडचांदूर, बल्लारपूरकडे वेल्डर आणि फिटर. यवतमाळ-अकोल्याच्या कापूसगावांत जिनिंगचा फिटर. गवंडी, शटरिंगवाले आणि जीएनएम (तीन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्या) नर्स सगळीकडेच घ्याव्या लागतील.

प्रत्येक माणसाची पायरी लिहा: हेल्पर, अर्धा कारागीर, एकट्याने काम उचलणारा, उस्ताद. प्रमाणपत्रावरून पायरी ठरवू नका. एकच प्रश्न विचारा, "मालक समोर नसताना काम पुरं करून हिशेब घेतो का?" हो म्हटलं तर तो तिसऱ्या पायरीवर. उस्तादापुढे आणखी एक रकाना ठेवा, मागच्या पाच वर्षांत त्याच्या हाताखाली किती पोरं तयार झाली. तो गेला की त्याच्यासोबत ते शिकणंही जातं, आणि बहुतेक पाहण्यांत नेमकं हेच सुटतं.

यादी

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या (घरपट्टी आकारणीच्या) नोंदवहीवरून घरांची यादी घ्या. घरोघर विचारून काढलेल्या आकड्यात एक ठरलेली चूक असते, ती म्हणजे पूर्ण कुटुंबच निघून गेलं असेल तर उत्तर द्यायला कोणी नसतं आणि ते घर मोजणीतून गळतं. नर्स आणि इंजिनिअर यांच्या बाबतीत हे जास्त घडतं, कारण नवरा-बायको-मुलं एकत्र जातात. नमुना ८ मधली कुलूपबंद घरं वेगळी काढा आणि दोन शेजाऱ्यांना वेगवेगळं विचारा.

सहा महिन्यांहून जास्त बाहेर असलेला माणूस 'गेलेला' समजा, पण परदेश, परराज्य, पुणे-मुंबई आणि नागपूर हे चार रकाने वेगळे ठेवा. पुण्यात असलेला फिटर दिवाळीला येऊन जिनिंगचा हंगाम धरू शकतो. आखातातला माणूस कराराने बांधलेला असतो, करार बहुधा दोन वर्षांचा असतो. हे दोघे एकाच रकान्यात गेले की पुढचा सगळा हिशेब वाया.

परत आलेल्यांची स्वतंत्र यादी करा. केरळात १९९८ पासून तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजने सुरू केलेल्या स्थलांतर पाहण्यांत गेलेले आणि परतलेले वेगळे मोजले जातात, ते याचसाठी. परत आलेला पाइप वेल्डर इथे वेल्डिंगच करतो, की जेसीबी घेऊन बसतो, हे विचारा. दुसरं असेल तर माणूस परतला, पण कौशल्य परतलं नाही.

भेटीसाठी एप्रिल-मे बरा. लग्नसराईत सुट्टीवर आलेले लोक घरी सापडतात. पेरणीच्या दिवसांत कोणी बोलायला थांबत नाही.

रोजी कशी विचारायची

देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांना विचारा. प्रत्येक कौशल्यासाठी बारा-पंधरा देणारे आणि तेवढेच कारागीर पुरतात. सरासरी काढू नका, आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घ्या. एखादा शटडाऊनच्या, म्हणजे कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवतात तेव्हाच्या, कामाला जाणारा वेल्डर सगळी सरासरी वर ओढतो.

रोजीसोबत तास, चहा-जेवण आणि येण्याजाण्याचं पेट्रोल लिहा. गुत्त्याचं काम असेल तर एकूण रक्कम भागिले माणसं भागिले दिवस, असा रोजीत उतरवा. तीन वर्षांपूर्वीची रोजी कोणाला नीट आठवत नाही. लोक आजच्या आकड्यातून काहीतरी वजा करून सांगतात. म्हणून ठेकेदाराची जुनी हजेरीवही, घराच्या बांधकामाचा कागदावरचा हिशेब, दुकानाचं बिलबुक, यांतलं जे मिळेल ते पाहा. कागद नसेल तर "मुलीच्या लग्नाच्या वर्षी स्लॅब टाकला तेव्हा काय दिलं?" असा खुंटा मारून विचारा.

सरकारी नोकरीला हे लागू नाही. तिथे पगार ठरलेला असतो, माणसं कमी झाली म्हणून तो वाढत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयात रोजीऐवजी रिक्त पद किती महिने रिकामं राहिलं ते पाहा, आणि जीएनएमचं काम कमी शिक्षणाच्या एएनएम नर्सकडून करून घेतलं जातं का तेही.

रांग मोजा

खेड्यात भाव लगेच वाढत नाही. सगळ्यांना सगळ्यांचा दर ठाऊक असतो, ओळखीपाळखीत तोंड उघडून जास्त मागता येत नाही. मग भाव तोच राहतो आणि थांबावं लागतं. त्यामुळे रोजी स्थिर दिसली म्हणून 'परिणाम नाही' असं लिहिणं ही या कामातली सगळ्यांत महागडी चूक आहे.

वाइंडिंगच्या दुकानात मोटार आली ती तारीख आणि गेली ती तारीख, असे निदान तीस नग नोंदवा. दोन वेळा नोंदवा: एकदा हरभरा-गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत, एकदा आंबिया बहाराची फळं झाडावर असताना एप्रिल-मेमध्ये. त्या उन्हात आठ दिवस पाणी तुटलं तर फळगळ होते, आणि तो तोटा कोणाच्याही रोजीत दिसत नाही. सोबत दुसऱ्यांदा जळून परत आलेल्या मोटारी मोजा. अर्ध्या कारागिराच्या हातचं काम तिथे कळतं.

हिशेब

आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, ते कुठल्या तालुक्याचे समजू नका. समजा घेरात ४० वेल्डर होते, त्यातले ६ परदेशी गेले, म्हणजे १५ टक्के. तीन वर्षांत वेल्डरची रोजी ६०० वरून ७५० झाली, वाढ २५ टक्के. याच काळात महागाई १२ टक्के वाढली. १.२५ भागिले १.१२ केलं की खरी वाढ साधारण ११.६ टक्के. महागाईसाठी लेबर ब्युरोचा शेतमजुरांचा ग्राहक किंमत निर्देशांक घ्या, तो राज्यवार आणि दरमहा मिळतो. मधल्या काळात आधारवर्ष बदललं असेल तर जोडगुणक (जुन्या आणि नव्या मालिकेचे आकडे जुळवणारा गुणक) लावल्याशिवाय दोन आकडे शेजारी मांडू नका.

पण ही सगळी वाढ जाण्यामुळे झाली असं म्हणता येत नाही. रोजी इतर कारणांनीही वाढते, म्हणून जिथून कोणी गेलं नाही असं शेजारचं कौशल्य घ्या. समजा सुताराची रोजी ५०० वरून ५८० झाली, खरी वाढ ३.६ टक्के. फरक ८ टक्क्यांचा. १५ टक्के गेल्यावर ८, म्हणजे दर १० टक्क्यांमागे साधारण ५. अर्थतज्ज्ञ प्राची मिश्रा यांनी मेक्सिकोच्या १९७० ते २००० च्या आकडेवारीवरून काढलेलं प्रमाण, एका गटातले १० टक्के कामगार गेले की उरलेल्यांची मजुरी सुमारे ४ टक्क्यांनी वाढते, याच्या आसपासच येतं. तुमचा आकडा वीस आला तर आधी तुलनेचं कौशल्य चुकलं का ते तपासा. वायरमन धरला असेल आणि त्याच वर्षी भागात सौर पंपांचं काम जोरात सुरू झालं असेल, तर वाढ मागणीमुळे आहे.

आता हेल्परचं पाहा. समजा त्याची रोजी ३५० वरून ३८५ झाली. हातात पैसे जास्त आले असं वाटतं, पण १.१० भागिले १.१२ म्हणजे खरी रोजी जवळपास २ टक्के घटली. वेल्डर नसला की हेल्परचंही काम बंद, कारण तो वेल्डरच्या जोडीचा आहे. अर्धा कारागीर मात्र वेल्डरच्या जागी चालतो, त्याची रोजी वाढते. कुशल माणसं गेली की गरिबाची मजुरी आपोआप वाढते, हे म्हणणं इथे मोडतं. म्हणून पायरीनिहाय हिशेब सोडू नका. आणि रोजीबरोबर महिन्यातले कामाचे दिवसही लिहा, हेल्परचा खरा फटका त्या रकान्यात असतो.

मागून कोण येतंय

आयटीआयमध्ये जाऊन त्या ट्रेडला प्रवेश किती, मध्येच सोडणारे किती आणि निदेशकाची पदं भरलेली आहेत का, हे विचारा. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचा. त्यावर एकट्याने काम उचलायला लागणारा काळ धरा. ही बेरीज म्हणजे जागा भरण्याचा कमीत कमी वेळ.

परदेशाची वाट दिसली की शिकणारे वाढतात, हे खरं आहे. २००० च्या दशकात अमेरिकेने परदेशी नर्सना जास्त व्हिसा दिले तेव्हा फिलिपिन्समध्ये गेलेल्या प्रत्येक नर्समागे सुमारे नऊ नव्या परवानाधारक नर्स तयार झाल्या, असा अभ्यास आहे. पण तिथे नर्सिंग महाविद्यालयांनी जागा वाढवल्या म्हणून ते झालं. तालुक्याला एकच आयटीआय आणि ठरलेल्या तुकड्या असतील तर अर्ज वाढतील, वेल्डर वाढणार नाहीत. अर्ज आणि जागा दोन्ही लिहा.

पुढच्या लाटेची चाहूल भाषावर्गात लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तुमच्या भागात जर्मनचे वर्ग भरत असतील तर त्यात कुठल्या ट्रेडची मुलं आहेत ते आत्ताच नोंदवा.

आलेला पैसा

रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या रकमेत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, देशात पहिला होता. हा आकडा विदर्भातल्या खेड्याला चिकटवू नका, राज्याच्या बेरजेत मुंबई-पुणेही आहेत. घरोघर तीन गोष्टी विचारा: जायला किती खर्च आला, पहिलं वर्ष कर्ज फेडण्यात गेलं का, आणि पैसा सुरू झाल्यावर घरातलं कोणी रोजीला जायचं थांबलं का. नोंदणीकृत भरती एजंटाला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. त्याच्या कितीतरी वर रक्कम सांगितली गेली तर वावर गहाण पडलंय का तेही विचारा. अशा घरांचा पैसा गावात उशिरा फिरतो.

पैसा फिरू लागला की बहुधा घर बांधलं जातं आणि गवंड्याची रोजी वाढते. त्याच सुमारास पाठवणाऱ्याच्या घरची बाई कापूस वेचायला जाणं सोडते, आणि वेचणीचा दर वाढायला तेही कारण होतं. एक वेल्डर गेला आणि वेचणी महागली, हा धागा यादीत आधीच रकाना असेल तरच सापडतो.

निकाल कोणाला द्यायचा

रांग लांबली आणि शिकणारे नाहीत असं निघालं, तर कागद आयटीआयच्या व्यवस्थापन समितीकडे न्या. शिकाऊ उमेदवारीच्या योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल १,५०० रुपये महिना, वाटा सरकार उचलतं. अडचण अशी की शिकाऊ घ्यायला आस्थापनेत निदान चार माणसं लागतात, आणि वाइंडिंगचं दुकान एका माणसाचं असतं. ते या योजनेत बसत नाही. जिनिंग, राइस मिल, सिमेंट कारखान्याचे ठेकेदार बसतात. आधी तिकडे जा, आणि वाइंडिंगवाल्यासाठी ग्रामपंचायतीच्या पैशातून एका पोराचं दोन हंगामांचं विद्यावेतन काढता येतं का, हे ग्रामसभेत ठेवा. सोबत तीस मोटारींच्या तारखांचा तक्ता ठेवा.