नवी फोर बाय फोर मॅन्युअल घ्यावी का? आकडे, चाचण्या आणि घाटातली हाताळणी

पुण्यात आज मॅन्युअल फोर बाय फोर घ्यायची म्हटली तर थार, डिझेल थार रॉक्स, जिमनी, गुरखा, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर, हायलक्स आणि व्ही-क्रॉस एवढी नावं समोर येतात. व्हेरियंट सतत बदलतात, म्हणून बुकिंगआधी ताजं किंमतपत्रक मागाच. या यादीत गुरखा एकटीच अशी, की तिला ऑटोमॅटिकचा पर्यायच नाही. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची ही गाडी ५ गिअरची मॅन्युअल आहे आणि पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरेन्शियलना (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या भागांना) वेगवेगळे लॉक आहेत. याउलट रांजणगावात जुळणी होणारी जीप रँग्लर भारतात फक्त ८ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये मिळते.

परदेशात वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते स्पष्ट आहे. २०२० साली आलेली लँड रोव्हरची नवी डिफेंडर फक्त ऑटोमॅटिक आहे. जीप ग्लॅडिएटरचा मॅन्युअल २०२५च्या मॉडेलपासून बंद झाला. फोर्ड ब्राँकोने मात्र ७ गिअरचा मॅन्युअल दिला आणि त्यातला एक गिअर खास रांगण्यासाठी ठेवला, पण तोही फक्त लहान, २.३ लिटर इंजिनासोबत. मोठं इंजिन हवं असेल तर ऑटोमॅटिकच घ्यावी लागते.

यामागे कारणं तीन. ऑटोमॅटिकमध्ये गिअर कधी बदलायचा हे कंपनी ठरवते, त्यामुळे प्रदूषणाची चाचणी बेतून पास करता येते. ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीमागे आपोआप थांबून पुन्हा निघणारा क्रूझ कंट्रोल क्लच पेडलसोबत नीट चालत नाही. तिसरं कारण टॉर्कचं, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचं, आणि गिऱ्हाइकाला ते ब्रोशरमध्येच दिसतं.

ब्रोशरमधला टॉर्क कसा वाचायचा

फॉर्च्युनरचं २.८ डिझेल मॅन्युअलमध्ये ४२० न्यूटन-मीटर देतं, ऑटोमॅटिकमध्ये ५००. स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोरचे आकडे ३७० आणि ४००, पेट्रोल थारचे ३०० आणि ३२०. इंजिन तेच असतं. क्लच आणि गिअरबॉक्सला झेपावं म्हणून मॅन्युअलचा टॉर्क मुद्दाम खाली ठेवलेला असतो. म्हणून ट्यूनिंगवाल्याकडे जाऊन मॅन्युअलला ‘ऑटोमॅटिकएवढा’ टॉर्क काढून घेऊ नका. पहिला बळी क्लच प्लेटचा जाईल.

खडकाळ वाटेवर मात्र या आकड्यापेक्षा रांगण्याचं गुणोत्तर महत्त्वाचं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे होतात ते. पहिल्या गिअरचं गुणोत्तर, ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) फोर-लो, म्हणजे चारही चाकांच्या सावकाश चालीचं गुणोत्तर आणि एक्सलचं फायनल ड्राइव्ह, या तिघांचा गुणाकार करा. जिमनी मॅन्युअलचं गणित असं:

४.४२५ × २.००२ × ४.०९० = ३६.२

१९५/८० आर १५ टायरचा घेर २.१८ मीटरच्या आसपास. इंजिन ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेरे) आयडल करत असेल, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता चालू असेल, तर गाडी ताशी साधारण २.९ किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही हळू सरकते. जिमनी ऑटोमॅटिकमध्ये हाच गुणाकार २.८७५ × २.००२ × ४.३०० = २४.७ भरतो. चढावर ऑटोमॅटिकमधला टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी तेलातून जोर पोचवणारा भाग) स्वतः टॉर्क वाढवतो, त्यामुळे तिथे ही तूट भरून निघते, कित्येकदा ऑटोमॅटिकच सोपी पडते. उतारावर कन्व्हर्टर घसरतो आणि गाडी पुढे पळू पाहते, मग ब्रेकवर किंवा हिल डिसेंट कंट्रोलवर (उतारावर आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेवर) भिस्त ठेवावी लागते. मॅन्युअलचा खरा फायदा आता एवढ्याच जागी उरलाय: लांब, तीव्र उतार. तुलनेसाठी, अमेरिकेतल्या रँग्लर रुबिकॉन मॅन्युअलचं गुणोत्तर साधारण ८४ असतं आणि ब्राँकोचं ९४.७५ पर्यंत जातं. भारतात मिळणाऱ्या मॅन्युअल गाड्या त्या तोडीच्या नाहीत, हे मनात धरूनच वाट निवडा.

गुणोत्तरं ब्रोशरमध्ये सापडली नाहीत तर टेस्ट ड्राइव्हला सपाट, कच्च्या जागी मोजा. दहा मीटर अंतरावर दोन दगड ठेवा, फोर-लो आणि पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा आणि ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. लागलेल्या सेकंदांनी ३६ला भागलं की ताशी वेग मिळतो. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर गाडी रांगायला चांगली. ८ सेकंदांच्या आत अंतर कापलं तर दगडांत ती ब्रेक आणि क्लच दोन्ही मागेल. याच वेळी पायाला क्लच किती जड लागतो आणि रिव्हर्स खरखर न करता पडतो का, तेही पाहा.

लो-रेंजच (म्हणजे फोर-लो) नसलेली मॅन्युअल एसयूव्ही ‘ऑफ-रोड’ म्हणून घेण्यात मात्र अर्थ नाही. जिमनीचा पहिला गिअर लो-रेंजशिवाय वापरला तर तीसुद्धा आयडलवर ताशी ६ किलोमीटरला येते. मग प्रत्येक खडकावर हाफ क्लच, म्हणजे अर्धवट दाबलेला क्लच आला. रोजचा प्रवास हिंजवडी किंवा सिंहगड रोडचा आणि कच्ची वाट महिन्यातून एखादी, असं असेल तर ऑटोमॅटिक घ्या आणि उतारावर तिला हाताने पहिल्या गिअरमध्ये अडकवून ठेवायला शिका.

चढ

फोर-लो टाकायला गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला आणा आणि मग लिव्हर किंवा नॉब फिरवा. डॅशवरचा दिवा लुकलुकत असेल तर दात जुळलेले नाहीत. क्लच सोडून गाडी हातभर पुढे-मागे हलवा, जबरदस्ती करू नका.

गिअर चढाच्या पायथ्याशीच ठरवा. मुरूम आणि सुटे दगड असतील तर पहिला लो (फोर-लोमधला पहिला गिअर). ओल्या लाल मातीवर दुसरा लो, कारण पहिल्यात टॉर्क जास्त येऊन चाकं जागच्या जागी फिरतात. निघाल्यावर डावा पाय फूटरेस्टवर. मधे गिअर बदलायला गेलात तर चढावर गाडी लगेच थांबते आणि पुन्हा उचलताना हाफ क्लचने प्लेट जळते.

चढ सर झाला नाही, इंजिन बंद पडलं, तर क्रम असा:

१. क्लचला हात-पाय लावण्याआधी ब्रेक घट्ट दाबा, हँडब्रेकही ओढा.
२. ब्रेक दाबलेला ठेवूनच क्लच दाबा, रिव्हर्स टाका. फोर-लो तसाच राहू द्या.
३. इंजिन चालू करा. नव्या बहुतेक गाड्या क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट होत नाहीत, त्यामुळे गिअरमध्ये ठेवून स्टार्टरनेच गाडी हलवण्याची जुनी युक्ती इथे चालत नाही.
४. आधी हँडब्रेक सोडा, मग क्लच वर येऊ देत त्याच वेळी फूटब्रेक हलकेच सोडा; क्लच पूर्ण वर आला पाहिजे. गाडी रिव्हर्सच्या इंजिन ब्रेकिंगवर उतरेल.
५. स्टिअरिंग सरळ ठेवा. चढावर गाडी आडवी वळवली की ती कलंडते.

उतार

पहिला लो, पाय पेडलवरून बाजूला, गाडीला तिच्या चालीने उतरू द्या. ब्रेक लागलाच तर हलका. निसरड्या मातीवर इंजिनच चाकं अडवून धरतं आणि मागचा भाग घसरू लागतो. अशा वेळी घाबरून ब्रेक न मारता ॲक्सिलरेटर किंचित द्या, चाकं पुन्हा फिरू लागतील आणि स्टिअरिंग ऐकेल.

फोर-लोमध्ये उतारावर क्लच दाबून गाडी सोडणं ही या गिअरबॉक्सची सगळ्यात महागडी चूक. जिमनीच्याच गुणोत्तराने हिशेब करा: पहिला लो टाकून, क्लच दाबून गाडी ताशी ४०ला पोचली तर इंजिन आयडलवर असलं तरी क्लच प्लेट ११ हजार आरपीएमने फिरते. त्या वेगाला अस्तर उखडतं, प्लेट फुटते. डांबरी घाटातही न्यूट्रल नकोच. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेल्या ट्रकांनी काय होतं ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

पाणी आणि चिखल

पाण्यात उतरण्याआधी खोली काठीने मोजा. थारची जाहीर मर्यादा ६५० मिलिमीटर, गुरखाची ७००. पण ती संथ पाण्यासाठी. मुळशी-ताम्हिणीकडच्या ओढ्यांना पावसाळ्यात जोर असतो, तिथे गुडघाभर पाणीही गाडीला बाजूला सरकवतं. पाणी वाहतं आणि गढूळ असेल तर परत फिरा.

ओलांडायचंच असेल तर दुसरा लो टाकून, पुढच्या बंपरसमोर छोटी लाट राहील एवढ्या वेगाने, न थांबता जा. पाण्यात क्लच दाबू नका. दाबला की प्लेट आणि फ्लायव्हीलमध्ये (इंजिनाच्या टोकाच्या जड चाकात) फट पडते, बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या कवचात) शिरलेलं पाणी आणि गाळ तिथे जातो आणि सोडल्यावर क्लच घसरतो. इंजिन पाण्यात बंद पडलं आणि एअर फिल्टरपर्यंत पाणी गेल्याची शंका असली तर स्टार्ट मारू नका, ओढून बाहेर काढा. सिलिंडरमध्ये पाणी असताना क्रँक फिरवला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

काळ्या मातीचा चिखल टायरच्या नक्षीत भरून बसतो. तिथे सावकाश रांगण्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या लोमध्ये चाक थोडं जोरात फिरलेलं बरं, म्हणजे माती झटकली जाते. चाकं खणू लागली की लगेच थांबा. पहिला-रिव्हर्स-पहिला करत गाडी झुलवायची तर तीन-चारदाच. तेवढ्यात निघाली नाही तर फावडं घ्या. चढापेक्षाही क्लच बहुधा इथेच जळतो.

आणखी एक: या बहुतेक गाड्या पार्ट-टाइम फोर बाय फोर आहेत, पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणारं मधलं डिफरेन्शियल नाही. डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर फोर-हाय (चारही चाकं, नेहमीच्या गतीची) ठेवून वळलात तर ट्रान्समिशनमध्ये ताण साठतो, स्टिअरिंग जड होतं आणि लिव्हर टू-हायला (दोन चाकांच्या जोरावर) परत येत नाही. तसं झालं तर लिव्हर ओढत बसू नका, गाडी सरळ रेषेत पाच-दहा मीटर रिव्हर्स घ्या; ताण उतरला की ती सुटते. आणि टेकड्या, वनखात्याची जमीन, किल्ल्यांच्या पायवाटा यांवर गाडी घालायचीच नाही, ती कितीही चढत असली तरी.

क्लच आणि तेल

जळका वास आला की क्लच दाबून उभं राहू नका. गाडी सपाट जागी न्यूट्रलला ठेवा, पाय काढा आणि इंजिन आयडलवर १०-१५ मिनिटं चालू द्या. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट फिरत राहिल्या की हवा मिळते. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर चाचणी घ्या: ताशी ४०ला चौथा गिअर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. वेग न वाढता आरपीएम उसळले तर प्लेट संपली.

बदलायची वेळ आली तर ट्रान्समिशन, प्रोपेलर शाफ्ट सगळं उतरवावं लागतं, म्हणून मजुरी पार्ट्सच्या बरोबरीने बोचते. एकदा उघडलंच तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग असा पूर्ण संच टाका, क्रँकचं मागचं ऑइल सील तपासा. ड्युअल मास फ्लायव्हील (थरथर शोषणारं दोन भागांचं) असेल तर त्याचा खेळ मोजून घ्या. तो खराब ठेवून नवी प्लेट बसवली तर थरथर तशीच राहते. नाना पेठेत संच स्वस्तात मिळेल, पण रिलीज बेअरिंग कंपनीचंच घ्या, कारण ते बिघडलं तर सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

गिअरबॉक्स तेलाचा ग्रेड गाडीच्या माहितीपुस्तिकेत असेल तोच भरा. जीएल-४ दर्जाचं तेल सांगितलं असेल तिथे ‘वरचं’ म्हणून जीएल-५ टाकू नका. त्यातली गंधकाची रसायनं ब्राँझच्या सिंक्रोनायझर रिंगांना (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या) खाऊ शकतात आणि दुसऱ्या-तिसऱ्यात खरखर सुरू होते. खोल पाण्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरेन्शियलचे ड्रेन प्लग किंचित सैल करून थेंबभर तेल पाहा. दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, तेल बदला आणि ब्रीदरच्या (हवा ये-जा करायच्या) नळ्या कुठे तुटल्या-तुंबल्यात ते शोधा. हायड्रॉलिक क्लच बहुधा ब्रेकच्याच टाकीतलं फ्लुइड वापरतो. ते दर दोन वर्षांनी बदला. नाहीतर ओलावा शोषलेलं फ्लुइड तापल्यावर बुडबुडे धरतं आणि पेडल जमिनीला टेकतं.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. मॅन्युअल घेतानाच सर्व्हिस सेंटरला क्लच संच, सिंक्रोनायझर रिंग आणि ट्रान्सफर केसचे सील यांचे पार्ट नंबर आणि आजच्या किमती विचारा. ज्या मॉडेलचा मॅन्युअल कमी विकला जातो, त्याचे पार्ट्स आधी दुर्मिळ होतात; फॉर्च्युनर किंवा व्ही-क्रॉसपेक्षा थार आणि जिमनीला बाजारात पर्यायी माल लवकर उभा राहण्याची शक्यता जास्त. उत्तर देताना काउंटरवरचा माणूस ‘मागवावं लागेल’ म्हणाला, तर किती दिवसांत, हे लेखी घ्या.