विहिरीत शिकलेल्यांनी भूमध्य समुद्रात उतरताना

आपल्या सोलापूर साईडला पोहणं म्हणजे पाठीला डबा बांधायचा, काकानं मागनं ढकलायचं आणि आठ दिवसांत पोरगं मुटके मारायला लागतंय. मी पण तसाच शिकलो, त्यामुळं फ्रान्समधल्या नीसला गेलो तेव्हा जाम माज होता की ह्या समुद्राला भरती-ओहोटी तर फार नाहीच, लाटा पण बारीक, मग काय घाबरायचं? दोन पावलं आत गेलो आणि पायाखालची जमीनच गायब. तिथं वाळू नाही, सगळे गोटे, आणि उतार एकदम खोल जातो. भाचा आता ग्रीसला निघालाय, त्याला फोनवर सांगून घसा बसला म्हणून इथंच टाईप करतोय.

पहिलं झेंडा बघायचा. हिरवा ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल असला की गप छत्रीखाली बसायचं. जांभळा बऱ्याच ठिकाणी जेलीफिशसाठी लावतात. लाईफगार्ड असेल तिथंच उतरा. आणि सूर नाही मारायचा, खाली दगड असतात. मे महिन्यात आपल्याकडं ४२ डिग्री असतंय, तिथलं पाणी १८-२० च्या आसपास, एकदम उडी मारली की श्वासच अडकतो. छाती, मान भिजवत हळू जायचं.

आता खरी गोष्ट वाऱ्याची. विहिरीत काठ दहा हातांवर असतो आणि तो कुठं जात नाही, इथं तुम्ही तरंगत तरंगत कुठं पोचता ते कळतच नाही, त्यात लिटरला ३८ ग्रॅमच्या आसपास मीठ, त्यामुळं अंग आपोआप वर राहतं आणि वाटतं आपण लई भारी पोहतोय. वारा किनाऱ्याकडनं आत वाहत असेल तर काठाजवळ पाणी अगदी सपाट दिसतं, तेच फसवं. हवेची गादी, ट्यूब वाऱ्यानं गेली तर जाऊ द्या, मागं पोहत जायचं नाही. ग्रीसला जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, दुपारी जास्तच, तेव्हा पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी) सकाळीच उरका, दोरी पायाला बांधून. अडकलात तर बोर्ड सोडू नका, त्यावर झोपून हात हलवा. पाणी आत ओढायला लागलं तर सरळ किनाऱ्याकडं झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहा, दमलात तर उताणे पडून राहा आणि हात वर करा.

जेट स्कीवर, म्हणजे पाण्यावरच्या स्कूटरवर, लाईफ जॅकेटचे पट्टे आवळून, किल्लीची दोरी मनगटाला, पडलात की इंजिन बंद. पिवळ्या बोयांच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांच्या) आतलं पाणी पोहणाऱ्यांचं, तिथं गाडी घालायची नाही. भाड्यानं घेताना आधीचे ओरखडे मोबाईलवर शूट करून ठेवा, नंतर वाद नको.

जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडं पाणी नको, समुद्राच्याच पाण्यानं धुवा, अंगाला चिकटलेले तिचे दोरे चिमट्यानं काढा. डंखावर मूत्रबित्र लावायचं डोक्यातनं काढून टाका बे. श्वास लागला तर ११२ ला फोन, तो तिकडचा इमर्जन्सी नंबर. खडकाळ जागी रबरी बूट घाला, सी अर्चिन म्हणजे खडकाला चिकटलेला काटेरी गोळ्यासारखा जीव, त्याचे काटे लई वंगाळ.

आणि किनाऱ्यावर एक खूण धरा, दर पाच मिनिटांनी बघा. छत्र्या सगळ्या सारख्याच दिसतात. आमच्या बायकोनं शेवटी आपला लाल चौकड्यांचा सोलापुरी टॉवेल काठीला बांधला, तरी मी दोन हॉटेलं पुढं निघालो आणि भर उन्हात गोट्यांवरनं अनवाणी परत आलो.