रविवार संध्याकाळची पंगत: शेजारात सहभोजन कसे सुरू करावे

पालख्या पुण्यात मुक्कामी आल्या की नाना पेठ आणि भवानी पेठेत पंगतींवर पंगती उठतात, आणि गणेशोत्सवात मंडळांचे महाप्रसादही होतात; म्हणजे मोठ्या संख्येसाठी रांधून वाढण्याचा सराव या शहराला आहे. उणीव आहे ती एका आळीतल्या किंवा सोसायटीतल्या माणसांनी, सणावाराचे निमित्त नसताना, दर महिन्याला एकत्र जेवण्याची.

त्यासाठी रविवारची संध्याकाळ ठरवावी. सदाशिव पेठ, नवी पेठ या भागांत स्पर्धा परीक्षांसाठी राहणाऱ्या मुलामुलींच्या बहुतेक मेस त्या वेळी बंद असतात, आणि मुले परदेशी असलेल्या आजीआजोबांनाही सुटीची संध्याकाळ रिकामी जाते. तारीख पक्की करण्यापूर्वी पंचांग पाहून एकादशी आणि चतुर्थी टाळावी. मोठी भांडी विकत घेऊ नयेत. जवळच्या गणेश मंडळाकडे टोप, झारे आणि सतरंज्या बहुधा असतात व विनंती केल्यास मिळतात.

खर्चासाठी एकच दाता शोधण्याचा मोह होतो, तो आवरावा, कारण दात्याच्या नावाचा फलक लागला की बाकीचे पाहुणे होतात. त्याऐवजी शुक्रवारपर्यंत घरोघरचा शिधा गोळा करावा: कोणाकडून वाटीभर तांदूळ, कोणाकडून डाळ, कोणाकडून फक्त कढीपत्ता. ज्याला काहीच देणे शक्य नाही, त्याच्याकडे काम सोपवावे, पण ते काम खरोखर गरजेचे असावे. पन्नास माणसांच्या खिचडीला सुमारे 4 किलो तांदूळ आणि 2 किलो मूगडाळ पुरते. सोबत कढी, पापड आणि लोणचे असले की जेवण पूर्ण होते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी वेगळे पातेले आधीच चढवावे. शिजलेले अन्न दोन तासांत संपेल अशा बेताने चूल पेटवावी आणि वाढेपर्यंत ते गरम ठेवावे.

माझ्या मते या उपक्रमाचा सगळा कस पंगत कशी बसते यावर लागतो. आपल्या इमारतीचा ओला-सुका कचरा नेणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताई, पहारेकरी, घरकामाला येणाऱ्या बाया यांना उरलेले बांधून देणे म्हणजे सहभोजन नव्हे. त्यांना आठवडाभर आधी, घरच्यांसह, रीतसर बोलवावे, त्यांच्या कामाची वेळ विचारूनच जेवणाची वेळ ठरवावी आणि पहिल्या पंगतीत सगळ्यांच्या मध्ये बसवावे. वाढपी दर वेळी बदलावेत. सोसायटीचे अध्यक्ष कढीचे भांडे घेऊन वाकून वाढत आहेत आणि पहारेकरीकाका ‘अजून थोडी’ म्हणत आहेत, असे झाले तर बेत जमला असे समजावे.

पुढची कामे या जेवणातूनच निघतात, म्हणून त्यांची बैठक वेगळी बोलावू नये. कोथिंबीर निवडताना कोणीतरी सहज सांगते की तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे, किंवा बोळातला दिवा कधीचा बंद आहे. ऐकणाऱ्या एकाने ते वहीत टिपावे आणि जेवण उठण्यापूर्वी एकच काम, दोन माणसे आणि एक तारीख ठरवावी. पहिले काम लहान असावे: आजारी माणसाच्या घरी आठवडाभर आळीपाळीने डबा पोहोचवणे सर्वांत सोपे, आणि त्यातून ओळखी पक्क्या होतात. ओल्या कचऱ्याचे खत नंतर करता येईल.

पदपथ, बाके, दिवे अशा कामांसाठी पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना कामे सुचवता येतात. 2006 पासून ही सोय आहे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयाकडे जातो. मुदत जाहीर होताच पंगतीत चर्चा करून, नेमकी जागा आणि छायाचित्र जोडून तो द्यावा.

पावसाळ्यापूर्वीच्या जेवणात मात्र एक काम चुकवू नये. सप्टेंबर 2019 मध्ये आंबिल ओढ्याला पूर आला, जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. अशा वेळी तळमजल्यावर कोण एकटे राहते, कोणाला जिना चढवत नाही, कोणाचे इन्सुलिन फ्रीजमध्ये असते, हे शेजाऱ्यांना आधीच ठाऊक असावे लागते. त्या त्या माणसाची संमती घेऊन ही यादी कागदावर लिहावी, वरच्या मजल्यांवरच्या दोन घरांत तिची एकेक प्रत ठेवावी, आणि कोणी कोणाला वर न्यायचे ते नावानिशी ठरवावे.